सहावा आठवडा

सोनोग्राफीच्या पडद्यावर करड्या सावलीत काहीतरी लुकलुकत होतं. "हे हृदय," डॉक्टर म्हणाल्या. सहावा आठवडा शेवटच्या पाळीपासून मोजलेला. जीव तसा चारेक आठवड्यांचाच, मसुराच्या दाण्याएवढा. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी याच सुमारास मिटते. फॉलिक ॲसिड म्हणून आधीपासून घ्यायचं. कितीजणींना तर दिवस गेल्याचं कळेपर्यंत नळी मिटण्याचं काम उरकलेलंही असतं. हे शाळेतच शिकवायला हवं.

भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याचा फलक. तसा कायदा देशात सर्वांत आधी १९८८ साली महाराष्ट्रानं केला. तो फलक वाचून मला बरं वाटलं.

उल्हासनगरहून बदलापूर लोकल पकडली. गर्दीत पोटापुढे पर्स धरून उभी राहिले. अंबरनाथला एका अनोळखी बाईनं न विचारताच जागा दिली. तिला कसं कळलं असेल?

दहाव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी होतील म्हणे. पहिले तीन महिने कुणाला सांगू नकोस, असं सासूबाईंनी बजावलंय. त्यांची भीती मला कळते, ती माझ्यातही आहे. पण आईला फोन करावासा वाटतोय. अजून ठरत नाही.