बिवाच्या पाण्यातला पाहुणा

क्योटोला गेलेला प्रवासी देवळे पाहतो, बागा पाहतो आणि माघारी फिरतो. तेथून आगगाडीने अवघ्या दहा मिनिटांवर ओत्सू शहर आहे आणि त्याला खेटून जपानातले सर्वांत मोठे सरोवर पसरले आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. वास्तविक क्योटोत तो ज्या पाण्याने चूळ भरतो, ते १८९० साली पुऱ्या झालेल्या कालव्याच्या वाटेने याच सरोवरातून आलेले!

बिवा हे एक जपानी तंतुवाद्य. सरोवराचा आकार तसाच, म्हणून नावही तेच. विस्तार सुमारे ६७० चौरस किलोमीटर. आपली बृहन्मुंबई आत बसवली तरी पाणी उरेल. उत्तरेचे अंग शंभर मीटरांहून खोल. दक्षिणेकडची वाद्याची मान मात्र उथळ, सरासरी चार मीटर, आणि पाणवनस्पतींनी भरलेली. गळवाल्यांची जत्रा भरते ती इथे.

पण ही जत्रा मोठी मुकी असते. एक तरुण काठावर उभा आहे. हातात छडीसारखी हलकी काठी, दोरी शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक, आणि गळाला बोटभर लांबीचे मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ. शिसे दोरीच्या अगदी टोकाला. गळ त्याच्या वर वीतभर. शिसे तळाशी बसते, गांडूळ अधांतरी तरंगते. मग तो काठीचे टोक असे थरथरवतो, की शिसे जागचे हलू नये, पण गांडुळाने मात्र अंग मुरडावे. कोकणात गरवायला बसणाऱ्यांना हा धीर नवा नाही. पण खोट्या गांडुळात जीव भरायचा, म्हणजे कठपुतळीवाल्याचीच बोटे हवीत.

एवढा नाजूकपणा कशासाठी? तर रोज शेकडो गळ पाहून इथला बास मासा शहाणा झाला आहे. धातूचे चकाकते आमिष दिसले की स्वारी पाठ फिरवते. तो भक्ष्य चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. कठीण लागले तर तत्क्षणी थुंकतो. मऊ लागले तर क्षणभर रेंगाळतो. तेवढा क्षण पुरतो. हे मऊ गांडूळ १९४९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने पत्नीसह स्वयंपाकघरात ओतून काढले. चुलीवरून निघालेल्या पदार्थाने इतकी मजल क्वचितच मारली असेल!

बास मासाही अमेरिकेचाच. १९२५ साली तेत्सुमा अकाबोशी या उद्योगपतीने तो कॅलिफोर्नियाहून आणून हाकोनेच्या आशी सरोवरात सोडला. बिवात तो १९७०नंतरच्या दशकात दिसू लागला आणि पाहता पाहता माजला. २००९ साली इथे १०.१२ किलोंचा बास निघाला आणि जॉर्जियातल्या १९३२च्या जागतिक विक्रमाची बरोबरी झाली. गंमत म्हणजे तो गांडुळाला नव्हे, जिवंत ब्लूगिल माशाला लागला. हा ब्लूगिलही परदेशी. युवराज अकिहितोंना १९६० साली शिकागोच्या महापौरांनी तो भेट दिला होता. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. सम्राट झाल्यावर २००७ साली ओत्सूतच त्यांनी याबद्दल मनाला यातना होतात असे जाहीरपणे सांगितले. सम्राटाने एका माशापायी असे बोलावे, यावरून काय ते समजावे.

कारण दोन्ही पाहुणे घरच्या माशांची पिले खातात. इथल्या निगोरोबुना माशाला मीठ लावून, भातात महिनोन्‌महिने मुरवून फुनाझुशी करतात. वास असा, की आपला सुक्या मासळीचा बाजार सुगंधी वाटावा! पण सणासुदीला तिचा मान मोठा. काठची बोरूची बेटे गेली, त्यात हे खादाड आले, आणि निगोरोबुना दुर्मिळ झाला.

म्हणून शिगा प्रांताने २००३पासून कायदा केला, की पकडलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. शौकीन गळवाल्याची सारी नीती पकडून सोडण्याची. त्याला हे जिव्हारी लागले. काही जण कोर्टातही गेले आणि हरले. नावा भाड्याने देणारे आणि गळसामानाचे दुकानदार बासवर जगतात. जाळेवाले कोळी त्याच्या नावाने बोटे मोडतात. माझा कौल कोळ्यांना. निगोरोबुना दुसरीकडून आणता येणार नाही. बासला अमेरिका पडली आहे.

काठाकाठाने पकडलेले बास टाकण्यासाठी पेट्या ठेवल्या आहेत. तरुणाच्या काठीचे टोक एकाएकी लवते. मिनिटभर झुंज होते, हिरवट अंगाचा मासा वर येतो. तो ओल्या हाताने अलगद गळ काढतो, मासा क्षणभर न्याहाळतो आणि पेटीकडे चालू लागतो.