ध्रुव आणि त्याची मांडी

यंत्रांना नावे देणाऱ्या माणसांविषयी आम्हांला पूर्वीपासून कुतूहल आहे. कवितेच्या शीर्षकावर आपण पानेच्या पाने लिहितो. यंत्राच्या नावाकडे मात्र वाङ्मयीन दृष्टीने सहसा कुणी पाहत नाही. आपल्या सैन्यदलांतील हेलिकॉप्टरांची नावे पाहा : 'चेतक', 'चीता', 'रुद्र', 'प्रचंड'. एक इमानी घोडा, एक श्वापद, एक देव, एक विशेषण. आणि याच रांगेत एक पाच वर्षांचे मूल उभे आहे : 'ध्रुव'.

बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९८४ च्या सुमारास जर्मन साहाय्याने या हेलिकॉप्टरची आखणी हाती घेतली. पहिले उड्डाण २० ऑगस्ट १९९२ रोजी झाले आणि २००२ पासून ते सेवेत दाखल होऊ लागले. वजन साडेपाच टनांच्या वर्गातले, म्हणजे तसे हलकेच. पण इंजिने दोन. समुद्रावर या दुसऱ्या इंजिनाला फार अर्थ असतो. जमिनीवर निदान एखादे शेत, एखादा माळ सापडतो; पाण्यावर टेकायला जागा नाही. एक इंजिन थांबले तर दुसऱ्याने किनारा गाठून द्यावा, अशी ही योजना. शिवाय हेलिकॉप्टरची खरी विद्या म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहणे. त्या दृष्टीने पाहिले तर नाव मोठे चपखल आहे.

पण भागवताच्या चौथ्या स्कंधातली कथा अढळपदापासून सुरू होत नाही, ती मांडीपासून सुरू होते. उत्तानपाद राजाच्या मांडीवर बसू पाहणाऱ्या ध्रुवाला सावत्र आई सुरुची अडवते. या हेलिकॉप्टरच्या वाट्यालाही नेमके हेच आले. लहान युद्धनौकेवर हेलिकॉप्टरला पाती मिटून अरुंद हँगरात शिरावे लागते. एकाच इंजिनाचे, जुन्या पिढीचे 'चेतक' अंगाने लहान, त्यामुळे तिथे सुखाने मावते. 'ध्रुव'ची पाती मिटूनही त्याची रुंदी हँगराला जास्तच होत राहिली. त्यामुळे नौदलाने त्याला प्रामुख्याने किनाऱ्यावरच्या तळांवरूनच उडवले. दोन भागांत दुमडणारी पाती करून ही रुंदी सुमारे ३.५ मीटरपर्यंत आणण्याचा उद्योग पुढे झाला. उपमा ताणू नये हे आम्हांला कळते. पण नाव ठेवणाऱ्यांनी कथेचा शेवट निवडला आणि यंत्राच्या नशिबी कथेचा आरंभ आला, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

मांडी मिळाली नाही म्हणून काम थांबले नाही. टेहळणी, बुडणाऱ्यांची सुटका, आजारी खलाशांना किनाऱ्यावर आणणे ही कामे ते करीत राहिले. एप्रिल २०२१ मध्ये गोव्याच्या 'आयएनएस हंसा' तळावर त्याच्या सागरी आवृत्तीचे ३२३ क्रमांकाचे पथक स्थापन झाले. दाबोळीला उतरताना याच जातीचे एक हेलिकॉप्टर आम्ही समुद्रावर थांबलेले पाहिले होते. खाली पाण्यात वर्तुळ उमटलेले आणि वर ते निश्चल. ते निश्चल राहण्यासाठी आत किती धडपड चालली असेल, हा विचार तेव्हा आम्हांला शिवला नाही.

तो विचार पुढच्या बातम्यांनी करायला लावला. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईजवळ नौदलाचे एक 'ध्रुव' पाण्यात उतरवावे लागले, तिघेही वाचले. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला गेले आणि समुद्रात कोसळले. चौघांपैकी एकच परतला. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच धावपट्टीवर आणखी तिघे गेले. त्यानंतर सगळीच 'ध्रुव' हेलिकॉप्टरे जमिनीवर थांबवण्यात आली. जानेवारीच्या अपघाताच्या तपासात स्वॅशप्लेट तुटल्याचे आढळले. वैमानिकाच्या हाताची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारा हा भाग. इंजिने दोन असतात. हा भाग एकच. मे २०२५ मध्ये भूदल आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना पुन्हा परवानगी मिळाली. समुद्रावरच्यांची तपासणी तेव्हाही चालूच राहिली.

आकाशातला ध्रुवही खगोलशास्त्राच्या दृष्टीने अढळ नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो आणि त्या ओघात ध्रुवपदावरचा तारा बदलत जातो. पुराणात अढळपद एकदा मिळाले की संपले; तिथे विष्णूचा वर असतो. यंत्राला वर नसतो. त्याचे अढळपद रोज सकाळी कुणीतरी हातात विजेरी घेऊन तपासावे लागते, आणि संशय आला तर उड्डाण थांबवण्याचे धैर्य दाखवावे लागते. शब्दांवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना सुंदर नावाची भुरळ लवकर पडते. म्हणून यापुढे वर्गात ध्रुवाची कथा सांगताना, त्या रात्री एका अनोळखी खलाशासाठी समुद्रावर गेलेल्या माणसांचाही उल्लेख करायचा, असे आम्ही ठरवले आहे.