जोडीला कोण?

येरेवानच्या व्हेर्निसाज बाजारात मी दुदुक घ्यायला थांबलो. जर्दाळूच्या लाकडाचा पावा. तोंडाशी बोरूची रुंद, चपटी पत्ती. आपल्या सनईचा लांबचा आप्तच म्हणा ना! पण सनईने लग्नघर जागते. हा मात्र दिवेलागणीला कुणाची वाट पाहावी तसा वाजतो. युनेस्कोने २००५ साली त्याच्या संगीताचा गौरव केला. विकणाऱ्या म्हातारबाबांना त्याचे विशेष नव्हते. लाकडावरून अंगठा फिरवीत त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारले, “जोडीला कोण?” एकाने गाणे वाजवायचे, दुसऱ्याने श्वास न तोडता खालचा सूर धरायचा, अशी तिथली रीत.

वाटणीपासून धाकट्याशी माझे बोलणे नाही.

घासाघीस न करता दोन घेतले. एक यंदा फराळाच्या डब्याबरोबर त्याच्याकडे धाडला. डबा अजून परत आलेला नाही.