बाईंना माहीत नव्हतं!

मुलांनो, तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, असं कधी झालंय का? माझ्या बाबतीत झालंय. उत्तर आलं नाही याचं काही नाही. पण मी ते कबूल केलं नाही, ही माझी चूक.

चौथीच्या वर्गात सूर्य-चंद्राचा पाठ चालला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "बाई, चंद्र दिवसासुद्धा दिसतो, तो कसा?" मला काही सुचेना. सगळ्या वर्गासमोर 'माहीत नाही' कसं म्हणायचं? मी फटकन म्हटलं, "दिवसा कुठला चंद्र? खाली बस!" वर्ग खो-खो हसला. तो बिचारा गप्प बसला.

दोनच दिवसांनी सकाळी आम्ही प्रार्थनेला उभे होतो. बघते तर काय, शाळेच्या कौलांवर फिकट पांढरा चंद्र! त्या मुलानं चंद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रात्री मला सॉक्रेटिस आठवला. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या अथेन्स शहरात हा विचारवंत राहत होता. वडील पाथरवट, आई सुईण. त्याच्या एका मित्रानं डेल्फीच्या देवळात कौल लावला, "सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कोणी आहे का?" कौल आला, "नाही!" सॉक्रेटिस चक्रावला. खरं-खोटं करायला तो राज्यकारभार करणाऱ्यांकडे गेला, कवींकडे गेला, कारागिरांकडे गेला. कारागिरांना आपलं काम उत्तम येत होतं. पण तेवढ्यावरून प्रत्येकाला वाटे, आपल्याला सगळंच कळतं! तेव्हा त्याला कौलाचा अर्थ उमगला. आपल्याला जे माहीत नाही, ते माहीत नाही हे ओळखणं, एवढंच त्याचं शहाणपण होतं.

तो म्हणे, चांगलं काय ते कळल्याशिवाय चांगलं वागता येत नाही. आणि जहाज हाकायला जाणता माणूस लागतो, तर राज्य चालवायला नको का? मोठमोठ्यांना हे प्रश्न झोंबले. इ. स. पूर्व ३९९ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तो तरुणांना बिघडवतो आणि नगराचे देव मानत नाही, असा खटला त्याच्यावर भरला. विषाचा प्याला पिण्याची शिक्षा झाली. मित्रांनी पळून जाण्याची सोय केली होती. पण नगराचा कायदा मोडायचा नाही, म्हणून तो गेला नाही. ही हकिगत त्याचा शिष्य प्लेटो यानं लिहून ठेवली. सॉक्रेटिसनं स्वतः काहीच लिहिलं नाही.

त्यानं जीव दिला, पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. आणि मी? साधे तीन शब्द बोलायला घाबरले होते!

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून म्हणाले, "मला माहीत नव्हतं. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं." वर्ग चिडीचूप. तो मुलगा हळूच म्हणाला, "बाई, मला पण माहीत नव्हतं. म्हणून तर विचारलं!"

मग आम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर शोधलं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून मावळतोही उशिरा, सूर्य वर आल्यानंतर. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी सकाळी पश्चिमेला बघा. आई-बाबांनाही दाखवा. आणि "हे असं का?" म्हणून त्यांना नक्की विचारा. ते 'माहीत नाही' म्हणाले, तर हसू नका हं!