मुंगसाची ‘शिकार’

दोस्तांनो, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा २०१८ चा व्हिडिओ गेम मोठ्यांसाठी आहे. पण त्यातली एक गंमत तुम्हालाही सांगतो. त्यात खारीवर बंदूक चालवली, तर कातड्याच्या चिंध्या होतात. छोटा बाण लागतो आणि दमही धरावा लागतो. पण दुर्बिणीतून नुसतं नीट न्याहाळलं, तरी प्राण्याची नोंद होते! मला हेच आवडलं.

आमच्या पवनारला, धाम नदीच्या काठी, मुंगूस दिसतं. गवत हललं की श्वास रोखायचा. डोळ्याचं पातं लवेस्तोवर स्वारी गडप!

याच मुंगसाला लोक ब्रशच्या केसांसाठी मारतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (१९७२) तो गुन्हा आहे. म्हणून चित्रकलेचा ब्रश घेताना विचारा, ‘‘काका, हे केस कशाचे?’’ नायलॉनचा मिळतो की! मुंगूस मात्र वहीत टिपा. कराल ना?