कागदावरचा मांत्रिक

जादूटोणा म्हटला की आमचे कान उभे राहतात. नुसत्या संशयावरून माणसे छळली गेली, म्हणून तर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. म्हणून सुट्टीत गोंदियाला आलेला पुतण्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळातला मांत्रिक रचू लागला, तेव्हा आम्ही चष्मा लावून शेजारी बसलो.

१९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ कागद, फासे आणि कल्पनेवर चालतो. पुतण्याला दोन विद्या हव्या होत्या : एक ग्रंथाची, दुसरी प्रार्थनेची. २०१४च्या नियमांप्रमाणे त्यासाठी बुद्धी आणि शहाणपण, दोन्हींचे गुण किमान १३ लागतात. पहिलीच्या ३ व दुसरीच्या २ पायऱ्या चढल्या, तर ताकद पाचव्या पायरीची मिळते. पण तिसऱ्या दर्जाचा मंत्र एकही शिकता येत नाही. खालचेच मंत्र जोर लावून वापरायचे!

पुतण्या बी.कॉम. करता करता स्पर्धा परीक्षेचीही तयारी करतो. आम्ही म्हटले, “बाबू, आधी एक विद्या पाचव्या पायरीपर्यंत ने, मग दुसरी धर.” तो म्हणाला, “काका, घरी पैसा लवकर यायला पाहिजे ना!” यावर आम्ही गप्प झालो.

वाचकहो, पोरांनी असला मांत्रिक खुशाल रचावा. इथे कुणाच्या अंगात येत नाही. गणित करावे लागते.