वर्णपटातले खळगे

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र वर आलं की त्याच्या पायाशी शशक नावाचा एक लहानसा तारकासमूह असतो. तिथे, आपल्यापासून जेमतेम १९ प्रकाशवर्षांवर, ग्लीझ २२९ हा लाल बटू तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याच्या शेजारी त्याच्याहूनही कितीतरी मंद असा एक सोबती आहे, ग्लीझ २२९ बी. मी ज्या शाखेत काम करते तिचा पाया या एका ठिपक्याच्या वर्णपटाने घातला, आणि तीस वर्षांनी त्याच ठिपक्याने आम्हाला जुने सगळे हिशेब पुन्हा मांडायला लावले.

तारा जन्मतो तो वायूचा ढग स्वतःच्या वजनाने आकसून. आकसता आकसता गाभा इतका तापतो की हायड्रोजनचं संमीलन सुरू होतं आणि आकसणं थांबतं. पण ढगच लहान असेल तर? १९६२-६३ मध्ये शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिलं, की सूर्याच्या साधारण ७ टक्क्यांहून कमी वस्तुमान असेल तर गाभा तापायच्या आधीच इलेक्ट्रॉनांचा दाब आकसणं रोखून धरतो. संमीलन कायमचं पेटत नाही. असा गोळा जन्मापासून निवतच जातो. आज आपण त्याला तपकिरी बटू म्हणतो. वस्तुमान गुरूच्या १३ पटींपासून सुमारे ७५ पटींपर्यंत, आकार मात्र गुरूएवढाच.

कुमार यांच्या गणितानंतर तीस वर्षं असा एकही गोळा निर्विवादपणे सापडला नाही. १९९५ मध्ये दोन सापडले. एक होता कृत्तिकांच्या पुंजक्यातला तैदे १. दुसरा हाच ग्लीझ २२९ बी. त्याचा शोध लावणाऱ्या कॅलटेकच्या गटात होते श्रीनिवास कुलकर्णी. जन्म कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत. ताडाशी नाकाजिमा आणि रिबेका ओपेनहायमर हे त्यांचे तरुण सहकारी. पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या दुर्बिणीत मूळ ताऱ्याचा झगमगाट झाकून त्यांनी शेजारचा ठिपका टिपला तो ऑक्टोबर १९९४ मध्ये. पण तो खरोखरच सोबती आहे, की मागच्या बाजूचा कुणी भलताच तारा, हे कळायला वर्षभर थांबावं लागलं. ठिपका ताऱ्याबरोबरच आकाशात सरकला, तेव्हा खात्री पटली. मग पाच मीटरच्या हेल दुर्बिणीने त्याचा अवरक्त वर्णपट घेतला, आणि त्यात मिथेन निघाला.

हे एवढं महत्त्वाचं का? मिथेनचा रेणू उष्णतेत टिकत नाही. कोणत्याही खऱ्या ताऱ्याच्या वातावरणात तो असूच शकत नाही. कार्बन तिथे कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात असतो. या ठिपक्याच्या वर्णपटात मात्र १.६ मायक्रॉनच्या पुढे आणि २.२ च्या पुढे जिथे प्रकाश असायला हवा तिथे खोल खळगे, अगदी गुरूच्या वर्णपटात दिसतात तसे. आमच्या शाखेतलं बहुतेक ज्ञान अशा खळग्यांतून आलेलं आहे. जो प्रकाश पोचला नाही, तो कुणी अडवला, हाच आमचा प्रश्न.

नवे विद्यार्थी येतात तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा एवढंच समजावते, की वर्णपट म्हणजे एका पृष्ठभागाचा फोटो नव्हे. १.४ मायक्रॉनला पाण्याची वाफ प्रकाश गिळते, म्हणून तिथे दिसतो तो वातावरणाचा वरचा, थंड थर. १.२७ मायक्रॉनला अडवणारं फारसं कुणी नाही, म्हणून तिथला प्रकाश कितीतरी खालच्या, तापलेल्या थरातून येतो. एकाच आलेखात डावीकडून उजवीकडे जाताना आपण त्या गोळ्याच्या वातावरणात खाली-वर करत असतो. १.२४३ आणि १.२५२ मायक्रॉनला पोटॅशियमच्या दोन रेषा आहेत. त्या रुंद असतील तर वायू दाबाखाली आहे, म्हणजे गुरुत्वाकर्षण जास्त, गोळा जुना आणि जड. त्या बारीक असतील तर गोळा कोवळा, अजून पुरता न आकसलेला. निवणाऱ्या वस्तूचं वय आणि वस्तुमान नुसत्या तापमानावरून वेगळं काढता येत नाही, कारण कोवळा हलका आणि जुना जड हे दोघं सारख्याच तापमानाचे असू शकतात. अशा वेळी या दोन रेषांवर आमची बरीच भिस्त असते.

जमिनीवरून हे काम करणं कष्टाचं आहे. आपल्या हवेतली वाफही नेमक्या त्याच जागी प्रकाश गिळते. शिवाय नव्वदेक किलोमीटर उंचीवर हायड्रॉक्सिलचे रेणू रात्रभर अवरक्तात चमकत असतात, आणि तो उजेड आमच्या लक्ष्याहून कितीतरी प्रखर असतो. म्हणून लक्ष्य वर्णपटमापकाच्या फटीवर कधी वर, कधी खाली ठेवून पाठोपाठ प्रतिमा घ्यायच्या आणि एकातून दुसरी वजा करायची. मग जवळचाच एखादा पांढरा तारा पाहायचा, ज्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषांखेरीज फारसं काही नसतं. त्याच्यात जे इतर खळगे दिसतील ते आपल्या हवेचे. त्याच्या वर्णपटाने भागाकार केला की हवा पुसली जाते, पण आकाश स्थिर असेल तरच. उत्तराखंडात देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे आणि तिच्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इतर संस्थांच्या साथीने घडवलेला टॅनस्पेक हा वर्णपटमापक आहे. पावसाळ्यात तिथलं काम बंद असतं, आणि पाऊस ओसरल्यावरच्या कोरड्या रात्रींची आम्ही सगळे आतुरतेने वाट पाहतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ ढगांची आहे. सुमारे १३०० केल्विनच्या वरचे तपकिरी बटू ढगाळ असतात, आणि ते ढग पाण्याचे नसतात; सिलिकेटचे कण आणि वितळलेल्या लोखंडाचे थेंब यांचे असतात. गोळा निवत गेला की ढग खाली बसतात आणि वर्णपट निवळतो. पण हे सगळीकडे एकाच वेळी घडत नाही. घाटात धुकं विरळ झालं की मध्येच खालची दरी दिसते, तसं काही ठिकाणी आतला तापलेला थर उघडा पडतो. ६.५ प्रकाशवर्षांवरच्या, २०१३ मध्ये सापडलेल्या लुमन १६ या जोडीतला एक गोळा सुमारे पाच तासांत स्वतःभोवती फिरतो आणि फिरताना त्याची तेजस्विता कमी-जास्त होते. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या वर्णपटांवरून त्याच्या ढगांचा ढोबळ नकाशाही काढला गेला. दुसऱ्या सूर्यमालेतलं हवामान पाहणं म्हणजे हेच.

ग्लीझ २२९ बीचे ढग बसलेले आहेत, तरी त्याने आम्हाला गाफील राहू दिलं नाही. १९९७ मध्ये ४.७ मायक्रॉनला त्याच्यात कार्बन मोनॉक्साइड सापडला. एवढ्या थंड वातावरणात तो जवळपास नसायलाच हवा होता. उलगडा असा, की खालचा उष्ण वायू इतक्या वेगाने वर येतो की त्याचं मिथेनमध्ये रूपांतर व्हायला वेळच मिळत नाही. म्हणजे वर्णपटावरून नुसतं रसायन नव्हे, वातावरण किती घुसळलं जातंय तेही मोजता येतं.

खरा पेच नंतर आला. हिपार्कोस आणि गाइया या उपग्रहांनी मूळ ताऱ्याचं डगमगणं मोजलं, त्यावरून सोबत्याचं वस्तुमान निघालं गुरूच्या सुमारे ७१ पट. एवढा जड गोळा इतका मंद असूच शकत नाही. निवायला त्याला या ताऱ्याच्या वयाहून कितीतरी जास्त काळ लागेल. निवण्याचं गणितच चुकलंय की काय, अशी शंका गंभीरपणे घेतली जाऊ लागली. २०२४ मध्ये उत्तर मिळालं. व्हीएलटीच्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या ग्रॅव्हिटी या उपकरणाने तो ठिपका फोडला आणि तिथे दोन तपकिरी बटू निघाले. गुरूच्या ३८ पट आणि ३४ पट, दर १२ दिवसांनी एकमेकांभोवती फिरणारे. दोघांमधलं अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या सोळा पट, बस्स. क्रायर्स प्लस या वर्णपटमापकात त्यांच्या रेषा रात्रीगणिक सरकताना दिसल्या.

कुमार यांच्या वारशातलं निवण्याचं गणित बरोबर निघालं, आणि तीस वर्षं ज्याला आम्ही एका गोळ्याचा वर्णपट म्हणून वाचत होतो ती दोघांची बेरीज होती. माझ्या मते आमच्या शाखेने हे फार मनावर घ्यायला हवं. प्रारूपात पुरेसे आकडे फिरवता येत असले की ते चुकीच्या वस्तूवरही नीट बसतं. वजनाचा स्वतंत्र पुरावा आला नसता तर वर्णपट एकटा ही गोष्ट बोलला नसता. आता कुठलाही तपकिरी बटू त्याच्या वजनाच्या मानाने मंद निघाला, की तो एकटा आहे का, हे मी आधी तपासते.

पुढचं काम उघड आहे. या दोघांचे वर्णपट वेगवेगळे, पूर्ण घ्यायचे. दोघांचं वय एकच, जन्म एकाच ढगातला, वजनं कक्षेवरून नेमकी ठाऊक. फरक फक्त चार गुरूंच्या वजनाचा. तेवढ्या फरकाने मिथेन किती बदलतो, खालून वायू किती वेगाने येतो, हे मोजता आलं तर आमच्या प्रारूपांना पळवाट उरणार नाही.